आत पाच बोळे आहेत!

मित्रांनो, बॉनेटच्या कडेवर बोटं ठेवू नका, ते कधीकधी न सांगता खाली येतं. हं, आता वाका आणि बघा. हे काळं, तेलकट, चार सिलिंडरचं धूड दिसतंय ना? तेच मी. मी एका पांढऱ्या गाडीचं जुनं इंजिन आहे. जुनं म्हटल्यावर लगेच असं बिचारं-बिचारं तोंड करू नका बरं! आज सकाळीच मी चढावर दोन नव्याकोऱ्या गाड्यांना मागे टाकलंय. पण मधली जवळजवळ दोन वर्षं मी जागची हललेही नव्हते. ती गोष्ट मला सांगायचीच आहे, आणि तुम्ही ऐकायचीच आहे.

जन्मले तेव्हा मी चक्क पातळ होते! वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, ते थंड झालं आणि मला आकार आला. मग किती ते घासणं, किती ती भोकं पाडणं! शेवटी एका कामगाराने मला लोखंडी बाकावर घट्ट बांधलं आणि पहिल्यांदा सुरू केलं. थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हे बोलकं निघणार बघ." तेव्हापासून मी बोलतेच आहे.

मला नेलं डॉक्टरबाईंनी. त्या माणसांच्या डॉक्टर नाहीत, गाईगुरांच्या आणि घोड्याशेळ्यांच्या आहेत. त्यामुळे माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी ऐटबाज पाहुणे बसले नाहीत. तिथे असायचे रबरी बूट, दोरखंड, बादली आणि औषधांची पेटी. एकदा एक शेळी बसली होती. तिने वाटेत रस्त्यांचा नकाशा खाल्ला आणि उतरताना माझ्याकडे असं बघितलं, जणू नकाशात मीठ कमी होतं!

बारा वर्षं मी त्यांना चिखलातून, खडीवरून, नदीकाठच्या निसरड्या वाटांवरून नेलं. कुठल्याही गोठ्यापाशी पोचलं की त्या माझ्या बॉनेटवर थाप मारायच्या. गाईच्या पाठीवर मारतात ना, अगदी तशी. "शाब्बास गं," म्हणायच्या. त्या थापेसाठी मी उकळतं पाणी पोटात घेऊन आणखी दहा चढ चढले असते.

मग एक दिवस त्यांना बोलावणं आलं. जनावरांची मोठी ऑपरेशनं शिकायला दूर जायचं होतं, जवळजवळ दोन वर्षांसाठी. घरात त्या आणि त्यांची लेक अशा दोघीच. लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात. का, ते तिला पाच मिनिटं पाहिलंत की कळेल. तिची सोय मामाकडे झाली आणि माझीही. मामा म्हणजे डॉक्टरबाईंचे थोरले भाऊ. त्यांचं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानामागे पत्र्याची शेड.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मला शेडमध्ये लावलं. मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, गिऱ्हाइकाचं माप घेताना मारतात तशी.

"विकून टाक की," ते म्हणाले. "दोन वर्षं उभी राहिली की संपलीच समज. आल्यावर बघू दुसरी."

"दुसरी कुठून आणू, दादा? आल्या दिवसापासून मला फेऱ्या सुरू करायच्यात. ही नसली तर मी नुसती दवाखान्यात खुर्चीवर बसून राहीन. आजारी गाय काही तिकीट काढून बसने येत नाही!"

"आई, मी सांभाळते हिला," भिंगरी मधेच म्हणाली. "तू येशील तेव्हा आम्ही हिच्यातूनच तुला घ्यायला येऊ. चालू गाडीतून! ढकलत नाही!"

"शब्द देतेस?"

"दिला."

ऐकलंत ना, मित्रांनो? एका तेरा वर्षांच्या मुलीने माझ्या वतीने शब्द देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही! पण मीही मनात म्हटलं, दिला तर दिला.

आता खरी गंमत, म्हणजे तेव्हा ती मुळीच गंमत नव्हती. मला मारायला निघालं होतं कोण? गंज? उंदीर? छे! मामा!

मामांचं शिलाई मशीन सव्वीस वर्षांचं आहे आणि ते का चालतं याचं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. ते एक दिवसही बंद ठेवायचं नाही. तोच नियम त्यांनी मला लावला. दर रविवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन शेडमध्ये यायचे, चावी फिरवायचे, बॉनेटला टेकून कौतुकाने माझा आवाज ऐकायचे आणि चहा संपला की मला बंद करायचे. "चला, हिचा व्यायाम झाला," म्हणत दुकानात जायचे. भिंगरीला वाटे, वा, मामा किती काळजी घेतो!

पण माझ्या पोटात काय चाललं होतं ते ऐका. पेट्रोल जळलं की वाफ तयार होते. मी लांबवर पळून पुरतं तापले की ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पण एका कपभर चहात मी कुठली तापणार? वाफ आतल्या आत थंड व्हायची आणि तिचं पाणी थेंबाथेंबाने माझ्या तेलात उतरायचं. पुढच्या रविवारी आणखी थोडं. शिंक यावी आणि नेमकं तेव्हा कुणीतरी नाक दाबावं, असे मी बारा रविवार काढले. मला सांगता येत नव्हतं. मी जोरात खोकले, तर मामा म्हणाले, "बघ, कशी ठणठणीत आहे!"

दारावर महिन्यातून एकदा भंगारवाले काका हातगाडी घेऊन यायचे. गिऱ्हाईक शर्टाची चौकशी करतं ना, तशा सुरात ओरडायचे, "काय टेलर, माझा माल झाला का तयार?"

"नाही!" आतून भिंगरीच उत्तर द्यायची. "आणि होणारही नाही!"

तेराव्या रविवारी भिंगरी मला फडक्याने पुसत होती. तिला प्रत्येक गोष्ट फिरवून बघायची खोडच आहे, म्हणून तिने माझं तेलाचं झाकण फिरवून उघडलं. झाकणाच्या आत मळकट पिवळी साय जमली होती. दुधावर येते तशी, पण बघूनच नको वाटेल अशी. ती झाकण मुठीत धरून तशीच पळत सुटली, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मिस्त्रीआजोबांकडे. ते गॅरेज बंद करून घरी बसले होते. गुडघे गेले होते, ऐकूही कमी यायचं, पण साय बघताच ते चप्पल शोधायला लागले. शेडमध्ये येऊन त्यांनी आधी भिंगरीची उलटतपासणी घेतली.

"गाडी चालते रोज?"

"नाही. मामा रविवारी सुरू करतो."

"किती वेळ?"

"चहा संपेपर्यंत."

"मामा चहा कसा पितो? फुंकर मारून की गटागटा?"

"गटागटा."

"मग संपलंच," असं म्हणून आजोबांनी कपाळाला हात लावला.

मामांना बोलावणं गेलं. ते गळ्यात मापाची फीत अडकवून आले आणि ऐकताच फणफणले. "काहीतरीच काय! माझं मशीन बघा. सव्वीस वर्षं!"

"टेलरसाहेब, तुमच्या मशीनच्या पोटात आग पेटते का?"

"नाही."

"हिच्या पेटते. आग पेटली की वाफ आली, वाफ आली की पाणी आलं, पाणी आलं की गंज. दर आठवड्याला हिला तासभर पळवाल?"

"दुकान कोण बघणार?"

"मग हिला नीट झोपवा आणि हात लावू नका. एकतर पुरतं पळवा, नाहीतर पुरतं झोपवा. मधलं काही नाही."

मामांनी गळ्यातली फीत बोटांभोवती गुंडाळली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी प्रेमाने करत होतो हो."

"म्हणूनच तर तीन महिने कुणाला कळलं नाही," आजोबा म्हणाले. "माझे गुडघे वाकत नाहीत. मी फक्त बोलणार. हात कुणाचे?"

"माझे!" भिंगरीने बाह्या वर केल्याही होत्या.

त्या दिवशी मामांनी दुकान बंद ठेवून मला तासभर चांगलं दणकून पळवलं. अहाहा! पोटातली सगळी वाफ निघून गेली. मी गरम असतानाच भिंगरीने खालचा नट सोडला आणि जुनं तेल तसराळ्यात काढलं. वापरलेलं तेल आंबलेलं असतं, ते पोटात ठेवून झोपलं की आतले भाग कुरतडतं, असं आजोबा म्हणाले. नवा फिल्टर, नवं तेल. मग पेट्रोल टिकवण्याचं औषध घालून टाकी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरायला वाव नाही. साध्या पाण्याच्या जागी गंज न धरणारं कूलंट आलं. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं आणि मोठ्या पान्याने मला हाताने फिरवलं, म्हणजे तेल आत सगळीकडे माखलं. मित्रांनो, मालीश म्हणतात ते हेच असावं! बॅटरी काढून घरात फळीवर ठेवली आणि तिला महिन्यातून एकदा चार्ज करायचं ठरलं.

शेवटी उरली तोंडं. इंजिनाला जिथून हवा जाते-येते तिथून दमट हवाही शिरते आणि उंदीरही. आजोबांनी बोटांवर मोजून पाच जागा सांगितल्या. मामांनी दुकानातून चिंध्या आणल्या आणि भिंगरीने घट्ट बोळे करून बसवले. एक सायलेन्सरच्या नळीत, एक वाफ सोडणाऱ्या छोट्या नळीत, एक समोरच्या काचेखाली गाडीत हवा घेणाऱ्या छोट्या खिडकीत, एक हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या सोंडेत. आणि पाचवा डब्याच्याही आत, थेट माझ्या घशात.

"घशातला विसरून सुरू केलंत तर मी ती चिंधी गिळेन," असं मी ओरडून सांगणार होते, पण आजोबांनीच सांगितलं. म्हणून भिंगरीने प्रत्येक बोळ्याला लांब लाल फीत बांधली. पाचही फितींची टोकं बाहेर लोंबत ठेवली आणि स्टिअरिंगला एक पुठ्ठा टांगला. त्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, "थांबा! आत पाच बोळे आहेत. पाचही हातात आल्याशिवाय चावी फिरवू नका."

मामांनी मांजरपाटाची खोळ शिवली. प्लास्टिकखाली घाम धरतो, म्हणून सुती. पाच दिवस त्यांनी शिवायला आलेले कपडे घड्या घालून बाजूला ठेवले आणि माझंच काम केलं. मला आरशांच्या दोन बाह्यासुद्धा शिवल्या! तेव्हा मी त्यांना मनापासून माफ केलं.

आणि मग मी झोपले. झोपणं सोपं वाटतं तुम्हाला? ज्याचा जन्मच धडधडण्यासाठी आहे त्याने गप्प राहायचं म्हणजे काय ते मला विचारा. दारावरून दुसऱ्या गाड्या जायच्या, पहिला गिअर, दुसरा गिअर, आणि माझा पट्टा नुसता शिवशिवायचा. पण शब्द दिला होता ना! दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंगरी यायची, गिअर मोकळा आहे ना बघायची, पान्याने मला सावकाश एक-दोन वळणं फिरवायची आणि भिंतीवर खडूची एक रेघ ओढायची. परीक्षा असो, सर्दी असो, मैत्रिणी दारात थांबलेल्या असोत, रेघ चुकली नाही. मामा रविवारी चहा घेऊन यायचेच. खोळीवर एक हात ठेवून उभे राहायचे. एकदा तर चावीसुद्धा खिशातून काढली होती त्यांनी. मग स्वतःशीच म्हणाले, "नको रे बाबा," आणि आत निघून गेले. तोही त्यांचा व्यायामच होता.

विसावी रेघ ओढून झाली. डॉक्टरबाई शनिवारी येणार होत्या. गुरुवारीच आजोबांनी शिळं पेट्रोल काढून ताजं भरायला लावलं, बॅटरी बसवली. बाकीचं शुक्रवारी शांतपणे करायचं ठरलं होतं. पण शुक्रवारी सकाळी साडेआठला फोन आला. भिंगरीने तो शेडमध्येच घेतला आणि मलाही सगळं ऐकू आलं.

"भिंगरे, मी आजच येतेय. दहाची गाडी. नदीपलीकडच्या मळ्यात घोडी विणार आहे, शिंगरू आडवं आहे. मला स्टेशनवरून थेट तिकडे जायचंय. गाडी... गाडी होईल का गं?"

"होईल!" भिंगरी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा मात्र खडूसारखा झाला.

मग जी धावपळ उडाली! मामा खोळ ओढतायत, मिस्त्रीआजोबा स्टुलावर बसून ओरडतायत, भिंगरी लाल फिती ओढतेय. सायलेन्सरचा निघाला. नळीतला निघाला. खिडकीतला, सोंडेतला. बाहेर एकही फीत लोंबत नव्हती. भंगारवाले काकाही नेमके त्याच वेळी फाटकात येऊन उभे. "आज तरी माल तयार आहे वाटतं!"

"झाले सगळे!" भिंगरी ओरडली. "मामा, मार चावी!"

मित्रांनो, पाचवा बोळा माझ्या घशातच होता. त्याची फीत एका उंदराने कधीच कुरतडून आपल्या पिलांच्या बिछान्यासाठी नेली होती. दोन वर्षं तग धरला आणि आता शेवटच्या मिनिटाला हे? मी जिवाच्या आकांताने गप्प होते. दुसरं करणार काय?

मामांची बोटं चावीवर होती. समोर पुठ्ठा लोंबत होता. आता मामांची एक सवय सांगते. फार वर्षांपूर्वी एका लहान मुलीच्या फ्रॉकमध्ये त्यांच्याकडून एक टाचणी राहिली होती. त्या दिवसापासून ते टाचण्या मोजून लावतात आणि मोजून काढतात. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी मोजल्याशिवाय कपडा हातात देत नाहीत.

"किती निघाले?" मामांनी विचारलं.

"अरे मामा, सगळे! नऊ वाजले!"

"सगळे म्हणजे किती? मोज."

भिंगरीने हातातल्या चिंध्या बघितल्या. "चार."

मामांनी चावी काढली आणि सरळ खिशात टाकली. "पाचवा आण. तोवर ही चावी कुणाच्या बापालाही मिळणार नाही."

भिंगरीने हातातल्या चिंध्या खाली टाकल्या. रडेल की काय असं मला वाटलं. पण ती रडली नाही. तिने पाना उचलला, डब्याचं झाकण काढलं, आतला फिल्टर उपसला आणि दोन बोटं माझ्या घशात घातली. चिंधी बाहेर आली तसा मी जो श्वास घेतला! ती चिंधी मामांच्या हातात ठेवून ती म्हणाली, "पाच. चुकलं माझं."

"बारा रविवार माझं चुकलं होतं," मामा म्हणाले. "फिट्टंफाट. आता बसव ते परत."

तरीही आजोबांनी घाई करू दिली नाही. आधी ठिणगीची तार काढून मला नुसतं स्टार्टरवर फिरवलं, म्हणजे नवं तेल वरपर्यंत चढलं. मग तार लावली. "आता मार!"

खर्र... खर्र... काही नाही. भंगारवाले काका एक पाऊल आत आले. पुन्हा, खर्र... खर्र... मी सगळं बळ एकवटलं. विसाव्या रेघेची शपथ, मी ठरवलंच होतं! खर्र... धड्... धड्धड्धड्! मागून निळ्या धुराचा असा लोट निघाला की मामा दार उघडून उडी मारायलाच निघाले.

"पेटली! पेटली!"

"बसा हो टेलरसाहेब, आपणच घातलेलं चमचा चमचा तेल जळतंय!" आजोबांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक माझ्या अंगाला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. त्यांना तसंच नीट ऐकू येतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. धूर विरला. आजोबा हसले. "बोलतंय. स्वच्छ बोलतंय."

भंगारवाले काकांना त्या दिवशी माझा जुना तेलाचा फिल्टर मिळाला. तेवढाच!

दहाला आम्ही स्टेशनबाहेर उभे होतो, चालू! डॉक्टरबाई आल्या, माझ्याकडे बघितलं आणि बॉनेटवर थाप मारली. मग स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. मळ्यापर्यंत मी काय पळाले म्हणता! नदीचा उतार आणि पलीकडचा चढ मी एका दमात काढला.

मला त्यांनी तबेल्याच्या दारातच उभं केलं होतं, म्हणून मला आतलं सगळं ऐकू येत होतं. घोडीचं पोट उघडावंच लागलं. भिंगरी बादल्या आणत होती. मामा माझ्या बॉनेटला टेकून डोळे मिटून उभे होते. शिवणकाम आयुष्यभर केलं, पण असलं बघायची त्यांची तयारी नव्हती. बऱ्याच वेळाने शिंगराचा बारीक आवाज आला. मळेवाला ओरडला, "जगलं! बाई, आता शिवून टाका लवकर!"

"थांबा," डॉक्टरबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "रक्त टिपायला आत कापडाचे बोळे ठेवलेत. ते मोजून बाहेर आल्याशिवाय मी टाका घालत नाही. भिंगरे, मोज. मी अकरा ठेवले होते."

मामांनी खाडकन डोळे उघडले.

"नऊ," भिंगरी मोजत होती. "दहा." माझ्या पोटातलं तेलसुद्धा थांबलं. "आणि हा अकरा!"

त्यानंतरच सुई चालली. घोडी आज त्याच मळ्यात चरते आणि शिंगरू तिला जराही उसंत देत नाही.

परतताना डॉक्टरबाईंनी स्टिअरिंगवरचा पुठ्ठा पहिल्यांदा नीट वाचला आणि खो खो हसत सुटल्या. "दोन वर्षं मला हेच शिकवलं, दादा! तू आधी सांगितलं असतंस तर गेलेच नसते!"

तर मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी गप्प उभं असेल. सायकल असेल, पंप असेल, एखादी जुनी मोटार असेल. तिच्यावर माया करा, पण आधी तिला काय हवं ते जाणत्या माणसाला विचारा. तुमचं मन शांत होईल ते करू नका, तिचं पोट शांत राहील ते करा. झोपवायचं तर नीट झोपवा. आणि उठवताना घड्याळ कितीही ओरडलं तरी आधी बोळे मोजा.

तो पुठ्ठा आता औषधांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. "पाच" खोडून तिथे कोरी जागा ठेवली आहे. डॉक्टरबाई प्रत्येक ऑपरेशनला निघताना पेटीतले बोळे मोजून तिथे खडूने नवा आकडा लिहितात आणि काम झालं की पुसतात. आज तिथे "सात" आहे. चला, बॉनेट लावा बरं, मला निघायला हवं. गाय वाट बघतेय.